गणपतीत मुंबई ते देवरुख: घाट बंद पडला तर कुठून वळायचं?

देवरुखचा_पाहुणा (भांडुप)

नमस्कार मंडळी. यंदा गणपतीला गाडीनेच गावी जायचं आहे. कोकण रेल्वेचं आरक्षण उघडलं आणि चहा गाळेपर्यंत संपलं. गाडीत आम्ही दोघं, दोन मुलं आणि आई-बाबा. बाबांना मधुमेह आहे. जेवणाच्या वेळा चुकवून चालत नाही, त्यामुळे "अडकलो तर बसू गाडीत गप्पा मारत" हा प्रकार आम्हाला जमणारा नाही.

नेहमीचा रस्ता, म्हणजे मुंबई-गोवा हायवे, सगळ्यांना पाठ आहे: पनवेल, पेण, वडखळ, माणगाव, महाड, पोलादपूर, कशेडी, खेड, परशुराम, चिपळूण, सावर्डे, संगमेश्वर. कुठला रस्ता चांगला हे मी विचारत नाहीये, त्यावर इथे आधीच ढीगभर धागे आहेत. माझा प्रश्न एवढाच, की वाटेत कळलं पुढचा घाट बंद आहे, तर कुठून वळायचं? माझ्या डोक्यात तीन पर्याय आहेत.

१) एक्सप्रेसवेने पुणे, सातारा, उंब्रजहून पाटण, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण.
२) तसंच पुढे कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट, साखरपा, देवरुख.
३) पोलादपूरपर्यंत जाऊन अडकलो तर आंबेनळी घाटाने महाबळेश्वर.

मेव्हणा म्हणतो, एवढं डोकं कशाला लावायचं, गूगल सांगेल तसं जायचं.

लालडबा (ठाणे)

मेव्हण्यांना सांगा, गूगल सांगेल तसं गेलं की माणूस एखाद दिवशी रघुवीर घाटात पोचतो. नकाशावर खेडहून रघुवीर घाट चढला की पलीकडे सातारा जिल्हाच दिसतो. आहेच तो सातारा जिल्हा, पण कांदाटी खोऱ्यातला. समोर कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचं पाणी पसरलेलं. शिंदी गावापुढे सरळ साताऱ्याला नेणारा रस्ता नाही, आणि पावसाळ्यात तर तो घाटच बंद करतात. मोबाईलला रेंज नाही. वर गेलात की त्याच वळणांवरून उलटं खाली.

मी एसटीत होतो, आता निवृत्त आहे. रस्ता चालू की बंद हे विचारायची आमची एकच पद्धत: डेपोच्या चौकशी खिडकीला फोन लावायचा आणि विचारायचं, "कराड गाडी सुटली का?" "रस्ता चालू आहे का" असं विचारू नका, त्याला उत्तर मिळतं "चालू असेल". गाडी सुटली का विचारलं की खरं उत्तर मिळतं, कारण गाडी सुटली असेल तर कंट्रोलरने नोंद केलेली असते, आणि समोरून येणारी गाडी वेळेत आली नसेल तर तेही त्याला ठाऊक असतं. चिपळूण, देवरुख, मलकापूर, कराड या चार आगारांचे नंबर निघायच्या आधी कागदावर लिहून ठेवा. कागदावर म्हणतोय, मोबाईलमध्ये नाही.

टोलनाका (कुर्ला)

२०११ पासून पनवेल-इंदापूर रुंदीकरण चालू आहे. तेव्हा जन्मलेलं पोर आता शाळेतून घरी येऊन विचारतं, बाबा, कोकणातला हायवे झाला का? पर्यायी रस्ते कसले शोधताय, आधी मुख्य रस्ता शोधा.

संपादक

टोलनाका, याच्यासाठी वेगळा धागा आहे आणि तो चांगला चाललाय. इथे मूळ प्रश्नावरच बोलूया.

वाशीमार्केट (नवी मुंबई)

माझे दोन टेम्पो कोकणात जातात, सीझनला आंबा, एरवी किराणा. धंद्याची गोष्ट सांगतो. घाट बंद असल्याचं तुम्हाला घाटात पोचल्यावर कळलं तर पर्याय संपलेला असतो. पुढे गाड्या, मागे गाड्या, मध्ये दुभाजक. म्हणून पर्याय घाटाचा शोधायचा नाही, फाट्याचा शोधायचा. कुठल्या फाट्यावर कुठली बातमी हातात असायला हवी, एवढं ठरवा.

पहिला फाटा कळंबोली. इथे तुम्हाला हायवे की एक्सप्रेसवे हे कायमचं ठरवायचं आहे. कुंभार्ली किंवा आंबा घाटाने जायचं तर ते इथेच. वडखळला जाऊन "आता पुण्यावरून जाऊ" म्हणणारे मी पाहिलेत, त्यांचा दिवस तिथेच बुडतो.

दुसरा वाकण. एक्सप्रेसवेने खोपोलीपर्यंत जायचं, बाहेर पडून पाली, आणि पालीहून वाकण फाट्याला हायवेवर. पेण, वडखळ, नागोठणे सगळं टळतं. गर्दी असेल तर वाकणला न येता पालीहूनच रवाळजे, निजामपूर करत थेट माणगाव. हा रस्ता गणपतीत पोलीसही पर्यायी म्हणून जाहीर करतात. फक्त पालीजवळ अंबा नदी आहे, मुसळधार पावसात पुलावर पाणी चढतं. जांभूळपाड्याला १९८९च्या जुलैतल्या पुरात काय झालं ते पालीतल्या कुणाही म्हाताऱ्या माणसाला विचारा. पुलावर पाणी दिसलं की थांबायचं, पुढचा ट्रक गेला म्हणून आपण जायचं नाही.

तिसरा माणगाव. इथून निजामपूर, ताम्हिणी, मुळशी, पुणे. हा पुढे जायचा रस्ता नाही, माघारी पळायचा रस्ता आहे. महाडच्या पुढे काही मोठं झालं असेल तरच. शनिवार-रविवारी धबधब्यावाल्यांची गर्दी धरून चला.

चौथा महाड. कशेडीत गडबड असेल तर विन्हेरे, नातूनगर करत खेडच्या अलीकडे निघता येतं. अरुंद आहे, पण लहान गाडीला चालतो. किंवा त्याच्याही आधी लोणेऱ्याहून गोरेगाव, आंबेत, म्हाप्रळ, मंडणगड. लांब पडतं, पण तिकडे कशेडीही नाही.

पोलादपूरनंतर मात्र तुमच्या हातात काही नाही. तिसऱ्या पर्यायावर काट मारा.

देवरुखचा_पाहुणा

दादा, आंबेनळीवर एवढा राग का?

वाशीमार्केट

राग नाही हो. २०१८ च्या जुलैत दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस त्याच घाटात दरीत गेली. २०२१ च्या पावसात रस्त्याचे तुकडेच दरीत गेले आणि घाट बराच काळ बंद होता. आता रस्ता आहे, पण अरुंद, वळणांचा, आणि वर महाबळेश्वरचं धुकं. आणि चढून करणार काय? महाबळेश्वरहून वाई, सातारा, म्हणजे सकाळी कळंबोलीला जो रस्ता सोडला त्याच रस्त्यावर संध्याकाळी. बाजूचा वरंधा तर पावसाळ्यात बंद ठेवायची रीतच पडलीय.

नकाशावाली (दादर)

वाशीमार्केट यांच्या फाट्यांच्या मुद्द्याला अनुमोदन. त्यात एक भर घालते. मी स्थापत्य अभियंता आहे, उतारांच्या स्थैर्याची कामं करते.

आपण एका घाटाला शेजारचा घाट पर्याय समजतो. दोन्ही एकाच सह्याद्रीच्या एकाच कड्यावर आहेत आणि त्यांच्यावर पाऊसही एकच पडतो. २२ जुलै २०२१ आठवा. चिपळूण पाण्यात, वाशिष्ठी नदीच्या जुन्या पुलाचा भराव वाहून गेलेला, कोकण रेल्वे थांबलेली. परशुराम घाटात पेढे गावाकडे दरड. आंबेनळी तुटलेला. त्याच पावसात आंबा घाटाचा रस्ता खचला. मग एक-दोन दिवसांत पंचगंगेचं पाणी कोल्हापूरजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर आलं. त्या दोन दिवसांत मुंबईहून देवरुखला जायला कुठलाच रस्ता नव्हता, कितीही फाटे माहीत असले तरी. महाडजवळ तळिये गाव त्याच दिवशी दरडीखाली गेलं.

दरड पडते ती नुसत्या पावसाने नाही. आपला सह्याद्री म्हणजे बेसॉल्टचे थर, त्यात भेगा, वर झिजलेली लाल माती. पाणी भेगांतून आत शिरतं, मातीचं वजन वाढतं, आतला दाब वाढतो. त्यात रस्ता रुंद करताना डोंगराचा पाय उभा कापला असेल तर वरच्या मातीला टेकायला काही उरत नाही. म्हणूनच जुन्या घाटरस्त्यापेक्षा नुकत्याच रुंद केलेल्या रस्त्यावर पहिले काही पावसाळे जास्त भीती असते. आणि दरड पाऊस ओसरल्यावरही येते. "आता उघडलंय, निघूया" हे घाटात धोक्याचं वाक्य आहे.

त्यामुळे माझा हिशेब असा. हवामान खातं रत्नागिरी, रायगड यांच्याबरोबर सातारा घाट, कोल्हापूर घाट असे वेगळे इशारे देतं. फक्त रायगड लाल असेल तर कुंभार्ली हा खरा पर्याय. रत्नागिरी आणि सातारा घाट दोन्ही लाल असतील तर कुठलाही घाट पर्याय नाही. तेव्हा पर्याय एकच, उद्या निघणे.

बुलेटराजे (गोरेगाव)

उद्या निघणे म्हणे! गणपती उद्यापर्यंत थांबतो काय? :)

नकाशावाली

गणपती थांबत नाही, म्हणून तुम्ही आज निघा. दोन दिवस आधी निघालात तर एक दिवस वाया घालवायची ऐपत राहते. चतुर्थीच्या आदल्या रात्री निघणाऱ्याला ती नसते, म्हणून तो पाण्यातून गाडी घालतो.

खरं तर चतुर्थी ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात येते, तेव्हा जुलैसारखा पाऊस क्वचितच असतो. गणपतीत रस्ता बंद पडतो तो बहुतेक वेळा गाड्यांमुळे.

वाशीमार्केट

शंभर टक्के. दरड कधीमधी पडते, बंद पडलेला ट्रेलर रोज असतो. चढावर क्लच गेला की संपलं. गणपतीत अवजड वाहनांना हायवेवर बंदी घालतात ती त्यासाठीच. आमचे टेम्पो त्या दिवसांत उभेच असतात.

पेढे_परशुराम (चिपळूण)

माझं गाव घाटाच्या पायथ्याशी आहे, म्हणून थोडं बारीक सांगतो.

परशुराम घाट बंद झाला तर लोट्याहून चिरणी, आंबडस करत चिपळूणला येता येतं. २०२२ च्या उन्हाळ्यात कामासाठी घाट दुपारचा बंद ठेवायचे तेव्हा हीच वाट होती. लहान गाडीला ठीक आहे. समोरून एसटी आली तर एकाला मागे जावं लागतं, आणि मागे जाणारे तुम्हीच असाल हे धरून चला.

आता कुंभार्लीवाल्यांसाठी. कुंभार्ली उतरून पोफळी, शिरगाव करत तुम्ही येता ते चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावर. हायवेने आलात तरी बहादूरशेख नाकाच. म्हणजे चिपळुणात पाणी असेल तर कुंभार्ली उतरून काही उपयोग नाही, घाट उघडा असला तरी. पुराचा प्रश्न असेल तर उंब्रजला वळायच्या आधी चिपळूणची खबर घ्या, घाटाची नव्हे. भरतीची वेळही बघा. वरून पाऊस आणि खालून भरती एका वेळी आली की वाशिष्ठी फुगते आणि बाजारपेठेत पाणी शिरायला लागतं.

कशेडीचा बोगदा २०२३ च्या गणपतीत सुरू झाला तेव्हापासून घाटाचा फेरा वाचला हे खरं. पण बोगद्यात काही काम निघालं की वाहतूक जुन्या घाटात वळवतात, आणि तिथे भोगावजवळ जमीन खचायची जुनी खोड आहे.

बुलेटराजे

दुचाकीवाल्यांचं कुणी विचारतच नाही. आम्हाला एक्सप्रेसवे बंद, अटल सेतू बंद. पुण्यावरून जायचं तर खोपोलीहून जुना घाट, शिंग्रोबाच्या देवळावरून. घाटाची वाट दाखवणाऱ्या त्या शिंग्रोबा धनगराच्या देवळापाशी एक रुपया टाकल्याशिवाय पुढे जात नाही मी.

पण मी गणपतीत घाटच टाळतो. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने (गाड्या नेणाऱ्या बोटीने) मांडवा. पुढे अलिबाग, रेवदंडा, मुरूड, आगरदांडा. तिथून जंगलजेट्टीने, म्हणजे गाड्या खाडीपार नेणाऱ्या फेरीबोटीने, दिघी. श्रीवर्धन, बागमांडला, परत जंगलजेट्टी, वेसवी. दापोली, दाभोळ, जेट्टी, धोपावे, गुहागर. तवसाळहून जयगड. सगळा समुद्र उजव्या हाताला. एकही दरड नाही!

देवरुखचा_पाहुणा

वाचताना मजा आली, पण आई-बाबांना घेऊन?

लालडबा

नको. एकेका खाडीवर रांग, शेवटची फेरी संध्याकाळी चुकली की मुक्काम. वारा असला की फेरी बंद. एकट्या माणसाची सहल म्हणून उत्तम आहे.

नकाशावाली

त्यातला पहिला तुकडा मात्र उपयोगाचा आहे. रो-रोने मांडवा, मग अलिबागहून रेवदंडा, रोहा करत कोलाडला हायवे. पनवेल ते नागोठणे सगळं टळतं. फक्त अलिबागहून चुकून वडखळच्या रस्त्याला लागू नका, नाहीतर पैसे भरून त्याच कोंडीत. गाडीचं बुकिंग आधी करावं लागतं आणि गणपतीत ते लवकर भरतं. समुद्र खवळला तर फेरी रद्द होते, म्हणून हाही पर्याय पावसाच्याच भरवशावर.

कल्याणची_काकू

विषयांतराबद्दल क्षमस्व. आम्हाला गणपतीत नाशिकला जायचंय. कसारा घाट बंद असला तर?

वाशीमार्केट

काकू, समृद्धीने जा. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला, कसाऱ्याच्या डोंगरातून पावणेआठ किलोमीटरचा बोगदाच आहे. कल्याणहून आमणे जवळ. तेही नको असेल तर जव्हार, मोखाडा, त्र्यंबक. बाकी नवा धागा काढा, नाहीतर संपादक रागावतील.

पंचगंगाकाठ (कोल्हापूर, सध्या चेंबूर)

आंबा घाटावर कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. देवरुखला जाणाऱ्याला कुंभार्लीपेक्षा आंबा घाट सोयीचा. घाट उतरला की साखरपा आणि तिथून डावी-उजवी न करता देवरुख. चिपळूण, बहादूरशेख, आरवली, संगमेश्वर काहीच लागत नाही. मुंबईहून अंतर मात्र हायवेच्या जवळजवळ दीडपट.

लोक विचारतात "आंबा घाट चालू आहे का?" घाट चालू असतो हो! पाणी असतं घाटाच्या कितीतरी अलीकडे, केर्लीला. पंचगंगा फुगली की कोल्हापूर-रत्नागिरी रस्ता तिथे पाण्याखाली जातो. गगनबावड्याचंही तेच. करूळ, भुईबावडा दोन्ही घाट कोरडे आणि मांडुकलीला रस्त्यावर पाणी. म्हणजे कोकणातल्या माणसाने देशावरचं पाणी विचारायला हवं.

यावर उपाय असा की कोल्हापूरला जायचंच नाही. कराडहून उंडाळे, कोकरूड करत मलकापूर आणि तिथून आंबा. अंतरही वाचतं. रस्ता दोनपदरी आहे, उसाचे ट्रॅक्टर त्या दिवसांत नसतात, त्यामुळे चांगला जातो.

घाटाबद्दल दोन गोष्टी. धुकं दुपारीसुद्धा असतं, समोरच्या गाडीचा फक्त लाल दिवा दिसेल. धुक्यात हाय बीम लावू नका, पांढरी भिंत दिसते. आणि गवे. संध्याकाळनंतर वळणावर गवा उभा असतो आणि हॉर्नला तो हलत नाही. दिवे मंद करून थांबा, त्याला जाऊ द्या. उतरताना दुसऱ्या गिअरवर उतरा, ब्रेकवर पाय ठेवून नाही. पायथ्याला ब्रेक जळल्याचा वास येणाऱ्या मुंबईच्या गाड्या ओळखू येतात. :)

टोलनाका

एक कामाचं सांगतो, संपादकांनी नोंद घ्यावी. गणपतीत कोकणात जाणाऱ्यांना टोलमाफीचा पास मिळतो, पोलीस ठाण्यात किंवा आरटीओत. तो एक्सप्रेसवेलाही चालतो. म्हणजे पुण्यावरून गेलात तरी टोल वाचतो. गाडीचा नंबर नीट लिहून घ्या आणि पास काचेवर लावा.

देवरुखचा_पाहुणा

सगळ्यांचे आभार. बाबांनी धागा चष्मा लावून वाचला आणि लालडबा काकांच्या बाजूने मत दिलं. ठरलंय ते असं:

चतुर्थीच्या तीन दिवस आधी पहाटे चारला निघायचं. आदल्या रात्री हवामानाचा इशारा बघायचा. रत्नागिरी आणि घाट दोन्ही लाल असतील तर दुसऱ्या दिवशी. एरवी कळंबोलीला पोचायच्या आत महाड आणि चिपळूणची खबर घ्यायची. दोन्हीकडे ठीक असेल तर खोपोली, पाली, वाकण आणि पुढे हायवे. अंबा नदीच्या पुलावर पाणी असेल तर खोपोलीहूनच परत एक्सप्रेसवे. महाडच्या पुढे काही असेल तर सरळ कराड, आणि कराडला नाश्ता करता करता मलकापूर आगाराला फोन. कोकरूडवरून आंबा. कुंभार्ली हा तिसरा पर्याय, चिपळूण कोरडं असेल तरच.

शंका एक उरली. कराडला पोचेपर्यंत दुपार झाली तर आंबा घाट संध्याकाळी पडेल. तसंच जायचं का?

लालडबा

नाही. चारच्या आत मलकापूर सोडता येत नसेल तर मलकापुरात राहा. साधी लॉजं आहेत, जेवण चांगलं मिळतं. बाबांच्या वेळाही सांभाळल्या जातील.

पंचगंगाकाठ

+१. आणि तांबडा रस्सा मागवा, पण बाबांना बेताने.

वाशीमार्केट

माझं मत अजून हायवेच. पहाटे चारला निघणाऱ्याला वडखळची कोंडी लागत नाही, ती सातनंतरच्यांना लागते. दीडपट अंतर फिरायचं ते बातमी हातात असेल तर, भीतीपोटी नको. आणि पाण्याचे दोन कॅन, बिस्किटं, बाबांची औषधं डिकीत नाही, मागच्या सीटवर ठेवा. अडकल्यावर पावसात डिकी उघडायला कोण उतरणार?

पेढे_परशुराम

माझं दुकान बहादूरशेख नाक्याजवळच आहे. गणपतीआधीचे चार दिवस सकाळी सहा आणि दुपारी बारा अशी नाक्यावरच्या पाण्याची खबर याच धाग्यावर टाकत जाईन. कुणी माणगाव आणि पालीकडचं असेल तर त्यांनीही हात वर करा.

रवाळजेकर

पालीचं मी बघतो. पुलाचा फोटोच टाकतो रोज.